बटाटा पोर्तुगीज नाही हो!

प्रश्न असा आलाय: "बटाटा हा पोर्तुगीज शब्द, मग हिंदीतला आलू कुठला? आमच्या सासूबाई इंदूरच्या, त्या म्हणतात बटाटा परका आणि आलू आपला, म्हणून घरात आलूच म्हणायचं. बरोबर आहे का?"

ताई, आलूकडे येतो, पण आधी ते 'बटाटा पोर्तुगीज' डोक्यातून काढा. दर महिन्याला एक फॉरवर्ड येतोच, मराठीतले पोर्तुगीज शब्द, पाव, चावी, बादली, पपई, बटाटा, आणि खाली लोकांचे 'वा छान माहिती'. अहो, स्वारगेटला एसटीत चढला म्हणून माणूस स्वारगेटचा होतो का? पोर्तुगीजांनी शब्द इथवर आणून टाकला, कुरिअरवाल्याचं काम केलं. कोशवाल्यांचं पण तेच, कंसात 'पोर्तु.' टाकलं की सुटले, पोर्तुगीजांकडे कुठून आला हे विचारायची तसदी नाही.

शब्द टाइनो लोकांचा आहे. हिस्पॅनिओला नावाचं कॅरिबियन बेट, ज्यात आज हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असे दोन देश आहेत, तिथे आणि आजूबाजूच्या बेटांवर हे लोक राहायचे. आणि त्यांची 'बटाटा' म्हणजे आपला बटाटा नव्हेच, ते रताळं!

आता यातली खरी मजा ऐका. 24 डिसेंबर 1492 च्या रात्री कोलंबसाचं सांता मारिया हे जहाज या बेटाच्या उत्तर किनाऱ्याला वाळूत रुतलं. तिथला टाइनो प्रमुख ग्वाकानागारी, त्याने होड्या पाठवून सगळा माल किनाऱ्यावर उतरवून दिला, कोलंबसाच्या रोजनिशीत लिहिलंय की एक नाडीसुद्धा गहाळ झाली नाही. 26 तारखेला त्याने पाहुण्यांना जेवायला घातलं, दोनतीन तऱ्हेची कंदमुळं (बहुतेक अभ्यासकांच्या मते रताळ्याचाच प्रकार), कसावाच्या कंदाची भाकरी, शिकार आणि कोळंबी. कोलंबसाला कोळंबी, हा विनोद मी करणार नव्हतो पण राहवलं नाही. कोळंबी आणि शिकार बाजूला सारा, राहिलं ते चतुर्थीचं ताट!

हसू नका. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कसावापासून होतो तो कंद म्हणजे टाइनो 'युका' आणि त्याची भाकरी म्हणजे 'कसाबी', शेंगदाणा म्हणजे 'मानी', मिरची म्हणजे 'अही', आणि वर बटाट्याच्या फोडी. तूप, जिरं आणि मीठ तेवढं आपलं. माझं तर ठाम मत आहे की हे सगळं उपासाला चालतं ते यामुळेच की जुन्या शास्त्रकारांनी यातलं काही पाहिलेलंच नव्हतं, जे पाहिलं नाही ते निषिद्ध कसं करणार? गव्हाला नाही म्हणता आलं कारण गहू समोर होता. एका जाणकार गृहस्थांनी मला यावर 'कंदमुळं ऋषींपासून चालतात' असं ऐकवलं. मग शेंगदाणा काय कंद आहे? मिरची कंद आहे? त्यावर गृहस्थ गप्प.

तर त्याच 26 तारखेची गोष्ट. ससाण्याच्या पायाला बांधतात तसली छोटी पितळी घुंगरं स्पॅनिश लोकांनी भेट म्हणून आणलेली, टाइनो त्यांच्यावर इतके खूश की होडी जहाजाला टेकायच्या आधीच सोन्याचे तुकडे वर धरून ओरडायचे 'चुक चुक', म्हणजे घुंगरू द्या. ध्वनीवरून केलेला साधा शब्द. आपल्या कानाला मात्र पाल चुकचुकल्यासारखं वाटतं, आणि तिथे कुणाची तरी चुकचुकायला हवी होती. कारण 1495 पासून नियम आला, सोन्याच्या मुलखातल्या 14 वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी घुंगरूभर सोनं भरायचं. भेट आलेलं घुंगरू मापटं झालं हो! मग खाणीतली सक्तीची मजुरी, उपासमार, 1518 च्या अखेरीस देवीची साथ. त्यांचे वंशज आजही आहेत, पण ती भाषा घरात बोलणारं कुणी उरलं नाही. शब्द तेवढे राहिले, हॅमॉक, कनू, हरिकेन, मका या अर्थाचा मेझ, आणि आपला भाजीवाला दिवसभर ओरडतो तो एक.

कुणीतरी लगेच म्हणेल बटाटा तर पेरू देशातला. हो, वस्तू अँडीज पर्वतातली, पण तिथे त्याला 'पापा' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अजूनही पापाच. वस्तूचं गाव वेगळं आणि शब्दाचं गाव वेगळं, हे ज्यांना कळत नाही त्यांनी व्युत्पत्ती सांगायला जाऊ नये. रताळं युरोपात बरंच आधी पोचलं, बटाटा मागून आला, दिसायला मातीतलाच गोळा, म्हणून आधीच्याचं नाव त्याला चिकटलं. पोर्तुगीजांना मग रताळ्यासाठी 'गोड बटाटा' असा शब्द करावा लागला. इंग्रजीतलं पोटॅटोसुद्धा सुरुवातीला रताळंच होतं.

आणि तो 'ट'? पोर्तुगीज 'त' आपल्याकडे 'त'च राहतो, फीत बघा, मग बताता का नाही झालं? काही जण इंग्रजीचा परिणाम म्हणतात. मला पटत नाही, मला यात वाटाणा-फुटाण्याची संगत दिसते, ताटात शेजारी बसून बसून ट लागला असणार.

हां, आलू. संस्कृतात आलु म्हणजे कुठलाही खायचा कंद, हिंदीवाल्यांनी नवीन पाहुण्याला तेच जुनं नाव दिलं. आणि आपलं रताळं म्हणजे रक्तालु, लाल आलु, मूळचं वेगळ्याच एका कंदाचं नाव. म्हणजे बघा, मराठीत रताळ्याचं नाव बटाट्याला गेलं आणि रताळ्याच्या पोटात सासूबाईंचा आलू बसलाय. तेव्हा आलू आपला हे बरोबर, पण तो बटाट्याचा नव्हे. आता त्यांना एवढंच विचारा की त्या रताळ्याला काय म्हणतात. शकरकंद म्हणाल्या तर मला परत लिहा, त्यातल्या 'शकर'च्या फारसी सासरबद्दल बोलू.