निवृत्त लढाऊ विमानांचे जतन : वाचकांचे प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला. १९६३ पासून सेवेत असलेले हे विमान आपल्याच राज्यात, नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झाले होते. त्यामुळे निवृत्त विमानांविषयी मराठी वाचकांना आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. सोलापूरहून आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारासमोर एक निवृत्त मिग-२१ विमान उंच चबुतऱ्यावर बसवावे, असा माजी विद्यार्थी संघाचा विचार आहे. सोलापूरची हवा कोरडी असल्याने विमान उघड्यावर ठेवले तरी गंजणार नाही आणि काही वर्षांनी रंग देत राहिले की पुरेसे होईल, असे समितीतील बहुतेकांचे मत आहे. ते कितपत बरोबर आहे?
— माजी विद्यार्थी संघाचे एक पदाधिकारी, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : हवेविषयीचे आपल्या समितीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने सेवेतून काढलेली विमाने साठवण्यासाठी ॲरिझोनातील टूसॉन शहराजवळची जागा निवडली, ती तेथील कोरडी हवा आणि टणक जमीन पाहूनच. गोव्यातील नौदलाच्या हवाई संग्रहालयातल्या विमानांना किंवा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेल्या टीयू-१४२ या नौदलाच्या टेहळणी विमानाला खाऱ्या वाऱ्याचा जो त्रास बारा महिने सोसावा लागतो, तो सोलापुरात नाही. परंतु सोलापूर हे वाळवंटही नाही. येथे पावसाळा असतो, सप्टेंबरमध्ये त्याचा जोर वाढतो, आणि विमानाचे खरे नुकसान पाऊस पडत असताना होत नाही, तर तो थांबल्यानंतर आत अडकून राहिलेल्या पाण्याने होते.

विमानाचा सांगाडा आणि त्यावरचा पत्रा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम हवेत बऱ्यापैकी टिकते, पण ते मऊ असते; म्हणून बळकटीसाठी त्यात तांबे किंवा जस्त मिसळतात आणि त्याबरोबर गंजाला तोंड देण्याची त्याची शक्ती कमी होते. त्यातच पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एकमेकांना लागून असतील आणि मध्ये ओलावा असेल, तर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. हा गंज लोखंडासारखा तांबडा दिसत नाही. प्रथम सांध्यांतून पांढरी भुकटी येते, नंतर धातूचे पापुद्रे फुगतात, आणि रिवेटच्या डोक्याभोवती पत्रा उचललेला दिसू लागतो, तोपर्यंत आतली पट्टी बरीचशी गेलेली असते. वरून रंगाचा हात दिला की हे सारे झाकले जाते. त्यामुळे केवळ रंग देत राहणे हे जतन नव्हे. तपासणी न करता दिलेला रंग उलट अपाय करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता उन्हाळ्याचा विचार करावा, कारण सोलापुरात तोच अधिक महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि उन्हात उभ्या असलेल्या धातूचे व बंद कॉकपिटचे तापमान त्याहून कितीतरी वाढते. कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, ॲक्रिलिकवर बारीक तडे पडतात, ते पिवळसर होते, कडांचे रबर कडक होऊन फाटते आणि सांध्यांत भरलेले सीलंट वाळून सुटते. म्हणजे उन्हाळा विमानाच्या अंगावर फटी तयार करतो आणि पुढे पावसाळा त्याच फटींतून आत शिरतो. पाणी बाहेर जाण्यासाठी विमानाच्या पोटाला मुळातच छिद्रे ठेवलेली असतात, पण धूळ आणि पाखरांच्या घरट्यांतील काडीकचरा यांनी ती बुजतात. पारवे आणि साळुंक्या यांना इंजिनात हवा जाण्याचे तोंड व मागची नळी ही फार सोयीची जागा वाटते, आणि त्यांची विष्ठा रंग व धातू दोन्ही खाते. तोंडावर जाळी बसवावी. हवाबंद झाकण बसवू नये, कारण मग आतला दमटपणा आतच राहतो.

चबुतऱ्यावर, विशेषतः खांबावर तिरपे उडते विमान दाखवण्याची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे. ते दिसते सुंदर. परंतु त्याच्या जवळ जाता येत नाही, शिडी लावल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि तिरपेपणामुळे पाणी जेथे जमू नये तेथे जमते. शिवाय खांबाला जोडण्यासाठी विमानाच्या मूळ सांगाड्याला कापावे व जोडावे लागते, ते नुकसान कायमचे. त्यापेक्षा विमान जमिनीलगत, स्वतःच्या चाकांवर उभे दिसेल असे ठेवून त्याचा भार खाली लपवलेल्या पोलादी टेकूंवर घ्यावा. टायरवर वर्षानुवर्षे भार राहिला तर ते चपटे होऊन फाटतात.

मिग-२१ हे आकाराने लहान विमान आहे : लांबी साधारण पंधरा मीटर आणि पंखांचा विस्तार सुमारे सात मीटर. एवढ्या विमानावर उंच पत्र्याचे, बाजूंनी मोकळे छप्पर घालणे कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरला जमेल. भिंती नसल्या तरी चालेल. ऊन आणि थेट पाऊस अडला की विमानाचे आयुष्य पुष्कळ वाढते. धुण्यासाठी बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये, आणि जोरदार फवाऱ्याने सांध्यांत पाणी घुसवू नये. वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, कोणी तपासणी करायची हे नावानिशी ठरवावे आणि त्याची नोंदवही ठेवावी.

सुरक्षिततेच्या काही बाबी तर विमान ताब्यात घेण्यापूर्वीच पाहाव्या लागतात. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनात स्फोटक काडतुसे असतात. ती काढून टाकल्याची लेखी खात्री मिळाल्याशिवाय कोणालाही कॉकपिटमध्ये बसू देऊ नये. जुन्या विमानांतील अंधारात चमकणाऱ्या काही तबकड्यांवर रेडियमचा लेप असतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, कारण रेडियमचे अर्धआयुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचे आहे. अशी तबकडी उघडू नये, तिची काच फुटू देऊ नये. पत्र्यावरच्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये (रंगाखालच्या पहिल्या लेपात) बहुधा क्रोमियमची विषारी संयुगे असतात, म्हणून श्रमदानाच्या उत्साहात विद्यार्थ्यांच्या हाती पॉलिश पेपर देऊन जुना रंग घासून घेणे हे अत्यंत धोक्याचे आहे.

छप्पर आणि दरवर्षीची तरतूद या दोन गोष्टी ठरावात लिहिल्या जात नसतील, तर पूर्ण विमान मागू नये अशी आमची विनंती आहे. त्याऐवजी एखादे इंजिन किंवा कॉकपिटचा पुढचा भाग मिळाला, तर तो सभागृहात ठेवता येईल, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दुरून पाहिलेल्या विमानापेक्षा त्यातून अधिक शिकता येईल.

प्रश्न : शाळेच्या सहलीत दिल्लीला पालम येथील हवाई दलाचे संग्रहालय पाहिले. तेथेही बरीच विमाने उघड्यावर आहेत. देशाच्या प्रमुख संग्रहालयातही असे का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : मुख्य कारण आकाराचे आणि त्यामागे पैशाचे आहे. संग्रहालयातील चित्र किंवा नाणे कपाटात मावते. टीयू-१४२ सारख्या विमानाच्या पंखांचा विस्तारच सुमारे पन्नास मीटर असतो, आणि त्याला झाकण्यासाठी मध्ये खांब नसलेली प्रचंड इमारत लागते. विमान बहुधा विनामूल्य किंवा नाममात्र मोलाने मिळते, इमारत मात्र तशी मिळत नाही. महाराष्ट्राने हा अनुभव जहाजाच्या बाबतीत घेतला आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली विक्रांत ही विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली होती. सुरक्षेच्या कारणाने २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. त्या नौकेच्या डेकवर उभे राहिलेल्या मुलांना आज दाखवायला ती नाही, याचे दुःख आम्हाला आजही वाटते.

तरीही आपल्याकडे जतनाची परंपरा नाही, असे विद्यार्थ्यांना सांगू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूर येथे निकामी करून टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. इतरत्र ही विमाने बहुतांशी वितळवली गेली असल्याने ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा येथील संग्रहालयांनी ती भारताकडून घेतली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातील लिबरेटर हे १९७४ मध्ये भारताने दिलेले आहे.

प्रश्न : विमान उडते ठेवणे हेच त्याचे खरे जतन नाही का? आणि जतन करताना जुना रंग काढून नवा द्यावा की तसाच ठेवावा?
— एक निवृत्त वायुसैनिक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : आपण आयुष्यभर विमाने उडण्याजोगी ठेवलीत, त्यामुळे आपला पहिला प्रश्न आम्ही आदराने घेतो. २०१८ मध्ये ‘परशुराम’ हे जुने डकोटा मालवाहू विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन उडत भारतात आले, तेव्हा २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटांची आठवण ज्या रीतीने जागी झाली, ती उभ्या विमानाने झाली नसती. मात्र विमान उडवायचे म्हणजे झिजलेला प्रत्येक भाग बदलायचा, आणि अपघात झाल्यास सर्वच गमवायचे. डकोटा हजारोंनी बनली, अजूनही अनेक आहेत, तिचे सुटे भाग मिळतात. ज्या प्रकारची मोजकीच विमाने उरली आहेत, ती उडवू नयेत असेच आम्ही म्हणू.

रंगाबाबत दोन उदाहरणे पाहावीत. अमेरिकेचे ‘मेम्फिस बेल’ हे युद्धात गाजलेले बॉम्बफेकी विमान कित्येक दशके मेम्फिस शहरात उघड्यावर होते; लोकांनी त्याची उपकरणेही पळवली. २००५ मध्ये ते डेटन येथील संग्रहालयात नेले आणि २०१८ मध्ये संपूर्ण नव्याने सिद्ध होऊन ते प्रदर्शनात आले. याउलट, नॉर्वेतील सरोवराच्या तळातून १९७३ मध्ये काढलेले हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान लंडनच्या संग्रहालयात मोडक्या अवस्थेतच ठेवले आहे. आमच्या मते जेथे मूळ रंग आणि त्यावरची सेवेतील चिन्हे शिल्लक आहेत, तेथे ती राखावीत. एकदा घासून काढली की कोणत्या स्क्वाड्रनमध्ये विमान होते, कोठे ठिगळ बसले होते, याचा पुरावा राहत नाही. रंग देणे अटळच असेल, तर आधी प्रत्येक अक्षराचे व चिन्हाचे माप घेऊन छायाचित्रे काढावीत, विमानाचा अनुक्रमांक आणि सेवेची नोंद हवाई दलाकडून मिळवावी, नवा रंग त्या नोंदीप्रमाणेच द्यावा, आणि चाकाच्या कप्प्यात किंवा पंखाखाली हातभर जागा जुन्या रंगासह तशीच सोडावी.