‘दिल्लीत बसून तू करतो तरी काय?’

मी समुपदेशक आहे. अर्थशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण शिकणारी एम.ए.ची मुलं-मुली सरकारी कार्यालयात इंटर्नशिपला जातात आणि महिनाभरात मला मेसेज येतो. माणूस वेगळा, गाऱ्हाणं तेच : “मॅडम, इथे खरं काम देतच नाहीत. नुसते एक्सेलचे तक्ते. मी असलो काय नि नसलो काय.” व्यापार धोरणाशी संबंधित विभागांतून हे जरा जास्तच ऐकू येतं. म्हणून अक्षयबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची परवानगी आहे.

अक्षय निफाड तालुक्यातला. घरी कांदा, थोडी द्राक्षं. २०२४ च्या सुरुवातीला तो दिल्लीतल्या एका व्यापारविषयक कार्यालयात इंटर्न म्हणून लागला. केंद्रानं ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली होती. भाव पडले होते, आणि अशा वेळी गावचा मुलगा ‘मंत्रालयात’ पोचला. चुलत्यांनी फोनवर सांगून टाकलं, “आता आपला माणूस तिथं आहे. बंदी उठवा म्हणावं.” वडील एवढंच विचारायचे, “दिल्लीत बसून तू करतो तरी काय?”

तो करत होता तो तक्ता असा : प्रत्येक मालाचा कोड, त्यावरचं आयात शुल्क आणि समोरचा देश मागत असलेली सवलत. कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. भारताच्या शुल्कपत्रकात अशा बारा हजारांच्या आसपास ओळी आहेत. मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींत शुल्क लगेच काढायचं, टप्प्याटप्प्यानं कमी करायचं की माल सवलतीतून वगळायचा, हे ओळीओळीनं ठरतं. अक्षय दिवसभर त्या ओळी जुळवायचा आणि रात्री झोप लागली नाही की मला लिहायचा. आमची भेट व्हिडिओवरच.

“मी इथे काहीतरी घडवायलाच हवं,” तो म्हणाला.
“नाही घडवलं तर?”
“तर मी आलो कशाला? शेतात तरी कामाला आलो असतो.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांनी काम करते. त्रास परिस्थितीतून थेट येत नाही, मध्ये आपण स्वतःला ऐकवलेलं एक वाक्य असतं, यावर माझा अनुभवानं विश्वास बसलेला आहे. अक्षयचं वाक्य पहिल्याच भेटीत सापडलं. पण सापडलं म्हणजे सुटलं असं होत नाही. “तू स्वतःकडून फार अपेक्षा करतोस” असं सांगून त्याला काही मिळालं नसतं. त्याच्या मागे गावाची खरी अडचण उभी होती.

म्हणून मी त्याला त्याच्याच विषयातलं काम दिलं. “कांद्याची निर्यात बंद किंवा सुरू करणं कुणाच्या हातात असतं, ते कागदावर काढ.”

त्यानं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढतं. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाकडे. किरकोळ भावांवर लक्ष ग्राहक व्यवहार विभागाचं, पिकाचा अंदाज कृषी मंत्रालयाचा. वर मंत्री, खाली बाजार समित्या. बाण काढता काढता त्याचा आवाज खाली आला.

“यात तू कुठे आहेस?”
“कुठेच नाही. एका चौकटीखालच्या तक्त्यात.”
“तो तक्ता चुकला तर?”

तो थांबला. मग सांगू लागला की आदल्याच आठवड्यात एका तक्त्यात सुकवलेला कांदा ताज्या कांद्यात मिसळलेला त्याला दिसला होता. ताजा ०७०३ खाली येतो, सुका ०७१२ खाली. प्रक्रिया केलेल्या मालाचे आकडे शेतातल्या मालात धरले गेले असते. त्यानं ते दाखवून दिलं, साहेबांनी मान डोलावली, तक्ता पुढे गेला. ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नव्हती, मलाही नाही. त्याच्या हिशेबी ती ‘काम’ नव्हती.

बराच वेळ तो कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, “मॅडम, बंदी बरोबर आहे का आणि मी कामाचा आहे का, हे दोन्ही प्रश्न मी एकच धरून बसलो होतो.”

हे वाक्य त्याचं त्यालाच सुचायला हवं होतं, म्हणून मी तोवर गप्प राहिले होते. समुपदेशकाला हा धीर वर्षानुवर्षांच्या सरावानं येतो, आणि मला त्याचं मोल वाटतं. बंदीला त्याचा विरोध होता, पुढेही राहिला. पण विरोध असतानाही तक्ता चोख करता येतो, हे त्याला उमगलं. झोप हळूहळू सुधारली.

राहिला वडिलांचा प्रश्न. कार्यालयातलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, हे पक्कं. पण प्रसिद्ध झालेली अधिसूचना समजावून सांगायला कुणाची हरकत नसते. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तेव्हा गावात पेढ्यांची भाषा सुरू झाली. अक्षयनं वडिलांना हिशेब मांडून दाखवला : किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली माल बाहेर विकताच येत नाही, ते टनाला ५५० डॉलर, त्यावर ४० टक्के शुल्क, म्हणजे ७७० डॉलर. तेव्हाच्या दरानं किलोला साधारण ६४ रुपये, तेही जहाजाचं भाडं सोडून. वडील म्हणाले, “म्हंजे दार किलकिलंच केलंय.” पुढे १३ सप्टेंबरला किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, तेव्हा हिशेब वडिलांनीच आधी करून ठेवला होता.

अशा इंटर्नशिपला निघालेल्यांनी पहिल्याच आठवड्यात आपल्या वरिष्ठांना विचारावं, “हा तक्ता पुढे कुणाकडे जातो? ते त्यात काय बघतात?” बहुतेक अधिकारी आनंदानं सांगतात, त्यांना कुणी विचारत नाही, इतकंच. फाइल स्वतःच्या मेलवर घेऊ नका, घाईत सुद्धा. प्रबंधासाठी अधिसूचना, वाणिज्य विभागाची खुली व्यापार आकडेवारी आणि बाजार समित्यांचे भाव पुरेसे आहेत. अक्षयनं त्यावरच प्रबंध केला. आणि दिल्लीचं भाडं परवडत नसेल, तर नकार कळवण्यात काही कमीपणा नाही. महासंचालनालयाची प्रादेशिक कार्यालयं मुंबई, पुणे आणि नागपूरलाही आहेत. तिथे विद्यार्थी घेतात का, हे महाविद्यालयाचं पत्र घेऊन प्रत्यक्ष जाऊन विचारा.