बडोद्यातल्या पावसाळी कांसेकाठी हिरवा पट्टा करायचा, तर लोकांचा पाठिंबा कसा मिळवावा?

तुम्ही विचारलंय की सोसायटीमागच्या उघड्या पावसाळी कांसेच्या, म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या नाल्याच्या, काठाने झाडं, पायवाट आणि बाकं असा हिरवा पट्टा व्हावा असं तुम्हा काही जणांना वाटतं, पण सभेत निम्मे लोक "त्यापेक्षा वर स्लॅब टाकून बंदच करून टाका" म्हणतात. मग पाठिंबा मिळवायचा कसा? मीही बडोद्याचीच. कांसेला लागून असलेल्या वसाहतीत राहते आणि आमच्याकडेही हाच वाद चालतो. माझं मत सरळ सांगते: बागेच्या नावाने पाठिंबा मागू नका, पाण्याच्या नावाने मागा. "यामुळे माझ्या घरात पाणी कमी शिरेल की जास्त?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय बडोद्यातला माणूस कुठल्याही सुंदर चित्राकडे बघणार नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर चढली. ज्यांच्या तळमजल्यावरचा फ्रिज, गहू-तांदळाचे डबे, मुलांची दप्तरं चिखलात गेली, त्यांच्यासमोर रंगीत स्लाइड ठेवल्या तर ते चिडणारच. म्हणून पहिली बैठक सर्वांत खोलगट भागातल्या घरांची घ्या, आणि ती त्यांच्याच ओट्यावर घ्या. आमच्या गल्लीत एका काकूंनी जिन्याखालच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ठेवल्यात, २०१९ ची खाली आणि २०२४ ची तिच्या वर, बाजूला तारीख. विजेचा मीटर त्यांनी वरच्या रेघेच्याही वर हलवून घेतलाय. अशा रेघा बहुतेक घरांत सापडतात. त्या टेपने मोजा, पाणी कुठल्या बाजूने आलं आणि किती वेळ टिकलं ते विचारा आणि सगळं एका नकाशावर उतरवा. तुमच्या हातातला याहून वजनदार कागद दुसरा नाही. शिवाय ज्यांच्याकडून ही माहिती घेतली, ते लोक आपोआप तुमच्या कामात येतात.

आता स्लॅबचं. स्लॅब मागणाऱ्यांना शत्रू समजू नका. त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. वास येतो, डास होतात, गाडी लावायला जागा नाही. पण वास कांस उघडी असल्यामुळे येत नाही, तिच्यात कुणीतरी गटार सोडलेलं असतं म्हणून येतो. याची साधी परीक्षा मे महिन्यात करता येते. पावसाळी कांस मे महिन्यात कोरडी असायला हवी. भर उन्हात तिच्यातून काळं पाणी वाहत असेल, तर ते कुणाच्या तरी घरचं किंवा कारखान्याचं आहे. धारेच्या उलट दिशेला चालत जा, कुठल्या पाइपातून पाणी पडतंय त्याचे फोटो काढा आणि ती जोडणी ड्रेनेज लाइनला वळवायची मागणी सर्वांत आधी करा. बेंगळुरूत के-१०० नावाने जुन्या राजकालुवेचं, म्हणजे मोठ्या पावसाळी नाल्याचं, काम झालं, तिथेही सांडपाणी प्रवाहातून बाजूला काढणं हाच कामाचा पाया होता. हे न करता काठावर बाकं टाकली तर त्यांवर कुणी बसणार नाही, आणि "बघा, आम्ही म्हणत होतो" असं ऐकावं लागेल.

झाकलेल्या कांसेची खरी अडचण सभेत नीट समजावून सांगा. आत पोकलेन उतरत नाही, त्यामुळे गाळ पूर्ण निघत नाही. गरनाळ्याच्या, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीच्या, तोंडाशी प्लास्टिक, गाद्या, फांद्या अडकतात आणि स्लॅबखाली काय तुंबलंय ते वरून दिसत नाही. रस्त्यावरचं पाणी आत जायला फक्त जाळ्या उरतात, आणि पहिल्या जोरदार सरीलाच त्या पानांनी बुजतात. विश्वामित्री भरली की कांसेचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं मागे चढतं. उघड्या कांसेत ते चढताना दिसतं. गाडी हलवायला, म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर न्यायला तास-दोन तास मिळतात. बंद कांसेत ते थेट तुमच्या चेंबरमधून वर येतं.

हिरव्या पट्ट्याच्या बाजूने सर्वांत पटणारा मुद्दा म्हणजे पायवाट. प्री-मान्सून सफाईच्या वेळी काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल: मशीनला काठावर जायला जागा नसते, म्हणून काही तुकडे राहून जातात, आणि काढलेला गाळ तिथेच काठावर ठेवतात. तो पहिल्याच पावसात पुन्हा आत. एका काठाने मशीन जाईल इतका रुंद, पक्का पण पाणी मुरेल असा रस्ता ठेवला, तर वर्षातले काही दिवस तो पोकलेन-डंपरचा आणि बाकीचे दिवस चालणाऱ्यांचा. सफाई होणार म्हटलं की खोलगट घरांचा पाठिंबा मिळतो, पहाटे फिरायला जागा म्हटलं की ज्येष्ठांचा. दिव्यांचं मात्र बायकांना विचारून ठरवा. संध्याकाळी सातनंतर जिथे त्या एकट्या जाऊ शकत नाहीत, ती वाट महिनाभरात ओस पडते.

इंजिनिअर एक आक्षेप नक्की घेतील आणि तो योग्य आहे: झाडी-झुडपांनी पाण्याचा वेग कमी होतो. काँक्रीटच्या भिंतींतून जितकं पाणी वाहतं तितकंच गवताळ उतारांवरून न्यायचं तर कांस रुंद लागते. म्हणून आतल्या उतारावर झुडपं नकोत. वाळा किंवा हरळीसारखं माती धरून ठेवणारं गवत ठीक. करंज, अर्जुन, जांभूळ वरच्या कडेला. आणि रुंदी वाढवायची कुठून? टी.पी. स्कीमचा (नगररचना योजनेचा) नकाशा काढा, जमीन दप्तर कार्यालयाकडून मोजणी मागवा, माहिती अधिकार वापरा. कागदावरची कांस आणि जागेवरची कांस यांत फरक निघाला, तर भराव किंवा कंपाउंडची भिंत कुठे आत आलीय ते कळेल. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीच्या प्रकरणात नदीबरोबरच तिच्या उपनद्या, तलाव, पूरक्षेत्र आणि घळींतली बेकायदा बांधकामं व कचरा टाकणं रोखायला सांगितलंय. अर्जात त्याचा दाखला द्या. अतिक्रमण तुमच्याच सोसायटीचं निघालं तर ते आधी काढा. नाहीतर तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

पुराच्या जागेत बाग टिकेल का, असं कुणी विचारलं तर लांब जायची गरज नाही. आपली कमाटीबाग १८७९ पासून विश्वामित्रीच्या काठावर आहे. मोठा पूर आला की तिच्यात पाणी भरतं, ओसरलं की गाळ काढतात आणि लोक पुन्हा फिरायला येतात. त्या जागेवर घरं असती तर काय झालं असतं, हे प्रत्येक बडोदेकराला कळतं. बाहेरचंच उदाहरण हवं असेल तर सिंगापूरचं बिशान आहे. तिथे कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट नाला फोडून ३.२ किलोमीटरचा वळणदार प्रवाह केला आणि २०१२ मध्ये ते उद्यान खुलं झालं. पाणी चढू लागलं की तिथे भोंगा वाजतो, दिवे लागतात. आपल्या आराखड्यातही अशी सूचनेची व्यवस्था हवीच.

विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. "झाडी वाढली की मगरी येणार" असं कुणीतरी म्हणेलच. मगर पुराच्या पाण्याबरोबर येते, काँक्रीटच्या कांसेतही येते. पण म्हणून काळजी घ्यायची नाही असं नाही. नदीच्या जवळच्या तुकड्यात पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या करू नका, पायवाट वरच ठेवा, मध्ये कुंपण घाला, मुलं आणि कुत्री काठाशी जाणार नाहीत असं बघा. मादी उन्हाळ्यात मातीच्या काठात अंडी घालते, त्यामुळे तिथे मशीन लावण्याआधी वनखात्याच्या माणसाला बोलवा. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि ती आपल्या आधीपासून इथे राहते.

सर्वांत नाजूक भाग काठावरच्या झोपड्यांचा. हिरवा पट्टा हा शब्द ऐकला की त्यांना बुलडोझर दिसतो. त्यांना वगळून घेतलेला पाठिंबा मी पाठिंबा मानत नाही. त्यांच्याशी आधी बोला. घरं हलवावीच लागली तर जवळच पक्की घरं मिळाल्याशिवाय नाही, हे ठरावात लिहून घ्या. देखभालीचं, रोपवाटिकेचं काम त्यांच्यातल्या लोकांना मिळावं हेही लिहा. रबारी-भरवाड कुटुंबांची गुरं तिथे चरत असतील तर त्यांच्यासाठी वाट कुठून, तेही नकाशावर दाखवा.

पुढची पावलं सांगते. गणपतीत मंडळाच्या मांडवात रेघांचा नकाशा लावा. दहा दिवसांत जेवढे लोक तो पाहतात तेवढे कुठल्याही सभेला येत नाहीत. नवरात्रानंतर एकाच, दोनशे-तीनशे मीटरच्या तुकड्यासाठी अर्ज तयार करा: आधी गटारजोडण्या बंद, मग मोजणी, मग गाळ, मग वाट, शेवटी झाडं. सह्यांमध्ये खोलगट घरं पहिली. तो अर्ज डिसेंबरात वॉर्ड ऑफिसला आणि सर्व नगरसेवकांना द्या, कारण महापालिकेचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं, आणि त्यात देखभालीची वेगळी तरतूद आहे का ते तुम्हालाच बघावं लागेल.