हॉलमधल्या फ्रेमा आणि मुलीचं हिमोग्लोबिन

पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी ५२ वर्षांचा, सातारा जिल्ह्यात राहतो. कॉलेजात होतो तेव्हापासून रक्तदान करतोय, आजवर ६१ वेळा झालं. पोरांनी बघून शिकावं म्हणून सगळी प्रशस्तीपत्रं फ्रेम करून हॉलमध्ये लावलीत. पण मुलगा पुण्याला नोकरीला असतो, शिबिराचं नाव काढलं की विषय बदलतो. मुलगी १९ वर्षांची. तिला गेल्या १५ ऑगस्टला आमच्या मंडळाच्या शिबिराला नेलं, तर रक्त कमी म्हणून परत पाठवलं. माझी मान खाली गेली, मी तिला तिथंच बोललो. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. मंडळाची पोरं मला 'ब्लड बँक आली' म्हणून चिडवतात. आधी करून दाखवावं, मग सांगावं, असं आम्ही शिकलो. तीस वर्षं करून दाखवतोय, कुणी काही घेत नाही. मग उपयोग काय? बासष्टाव्यांदा जावं की थांबावं?"

भाऊ,

बासष्टाव्यांदा जायचं. हा निकाल आधीच लावून टाकते. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तुमच्या पोरांनी तुमचा कित्ता गिरवला की नाही, हे ते लेकरू विचारत नाही.

आता खरं दुखणं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. "मी तिला तिथंच बोललो." काय बोललात ते लिहिलं नाहीत, पण मीही बापाच्याच घरात वाढलेय, अंदाज येतो. 'धड जेवायला नको, नुसता मोबाईल', असलंच काहीतरी. आणि तेही टेबलावरच्या सिस्टरसमोर, मंडळाच्या पोरांसमोर.

जरा तिच्या जागी उभे राहा. ती आली होती ना? फॉर्म भरला, रांगेत थांबली, बोट पुढं केलं, सुई टोचून घेतली. कुणी काही घेत नाही म्हणता, आणि घेणारं माणूस तुमच्याच घरातलं होतं, तुमच्या शेजारी उभं होतं. तिला परत पाठवलं ते रक्तानं, तिच्या मनानं नव्हे. आणि तुम्हाला वाटलं, मान आपली खाली गेली!

रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, वजन किमान ४५ किलो. हे तुम्हाला पाठ असणार. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, हे बहुतेक तुमच्या कानावर आलेलं नाही. तुमची मुलगी त्यातलीच एक असू शकते. कदाचित तिची आईही. ६१ वेळा घराबाहेर रक्त दिलंत, घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन कधी तपासलंत का? टोमणा म्हणून विचारत नाहीये. बरं, थोडा टोमणा आहे.

तेव्हा पहिलं काम तिची माफी मागण्याचं. आईकरवी निरोप नको, व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र तर मुळीच नको. ती चहा करत असेल तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन म्हणा, "त्या दिवशी चुकलं माझं." एवढंच, आणि त्यानंतर "पण" म्हणू नका. मग दोघी मायलेकींना डॉक्टरांकडे न्या. रक्त का कमी आहे ते शोधू द्या. पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का, की नुसतं खाण्यातच कमी पडतंय. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. मी डॉक्टर नव्हे, पण एक नक्की सांगते, जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची आपल्या घरांतली खोड मोडा. चहामुळं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लागतं. आणि चहा सोडायचाच असेल तर घरात सगळ्यांनी सोडा, तुमच्यापासून सुरुवात. घ्या, करून दाखवायला आणखी एक काम मिळालं.

मुलाचं काय असेल? मला विचाराल तर भीती. सुईची, चक्कर येण्याची. हॉलमधल्या फ्रेमा बघून ती जात नाही, उलट वाढते. ६१ हा आकडा बघून माणूस हातच टेकतो. आपण कधी पोचणार तिथवर!

मी पहिल्यांदा रक्त दिलं ते चौतिसाव्या वर्षी, तेही जाऊबाईंमुळं. त्यांनी मला कधी चकार शब्दानं उपदेश केला नाही. एका दुपारी म्हणाल्या, "रक्तपेढीत जायचंय, माझी पर्स धरायला चल." गेले. शेजारच्या स्टुलावर बसले. त्या हातात रबराचा चेंडू दाबत होत्या आणि मला भेंडीचे भाव सांगत होत्या. पिशवी खालच्या यंत्रावर हळूहळू डुलत होती, पाळण्यासारखी. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग कॉफी, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. अर्धा त्यांनी मला दिला. रिक्षात बसल्यावर मीच विचारलं, "पुन्हा कधी जाणार?" पुढच्या खेपेला पर्स त्यांनी धरली.

त्या दुपारी त्यांनी मला करून दाखवलं ते हे, हातभर अंतरावरून. तुमची पोरं आणि तुमचं रक्तदान ह्यांच्यामध्ये भिंत आहे आणि त्या भिंतीवर फ्रेमा आहेत.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे, कीर्तन रात्री. आणि पाया पडायला कुणी वाकलं तर काठी उगारायचे! पाया पडणारा माणूस तेवढं करून मोकळा होतो, खराटा उचलायचं राहूनच जातं. तुमच्या फ्रेमांचं असंच झालंय. लोक वाचतात, "वा काका" म्हणतात, चहा पितात. काढून टाका म्हणणार नाही, तीस वर्षांची माया आहे ती. पहिली राहू द्या, कॉलेजातली, कागद पिवळा पडलेली. बाकीच्या कपाटात.

आणखी एक. १५ ऑगस्टला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिबिरांची चढाओढ असते. रक्त मात्र साठवून राहत नाही. लाल पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावी, आणि रक्तपेढ्या फोन करकरून थकतात. तेव्हा बासष्टावी खेप मे महिन्यात करा. पुरुषाला दोन वेळांत ९० दिवसांचं अंतर लागतं, त्याचा हिशेब आत्ताच घाला. हार नको, फोटो नको.

मंडळाच्या पोरांचं मनावर घेऊ नका. चिडवतात म्हणजे नाव तरी लक्षात आहे. रात्री दोनला कुणाच्या घरी अपघाताचा फोन आला, की ती पोरं आधी कुणाचा नंबर शोधतील, सांगा बरं?

मुलीला मात्र लगेच पुढच्या शिबिराला ओढू नका. हिमोग्लोबिन १२.५ झालं की दुसऱ्या दिवशी गाडी काढाल, ओळखते मी. तिचं तिला ठरवू द्या. नाही म्हणाली तर नाही. तिनं स्वतःसाठी बरं व्हायचंय, तुमच्या बासष्टनंतरचा त्रेसष्ट होण्यासाठी नव्हे.

मेमध्ये पुण्याला मुलाकडे जाल तेव्हा तिथल्याच एखाद्या रक्तपेढीत जा. त्याला रक्त दे म्हणू नका. म्हणा, "मला इथले रस्ते कळत नाहीत, सोडायला चल." आत आला तर स्टूल दाखवा. बाहेर गाडीतच बसला तर बसू द्या, आणि परत येताना उरलेला बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात द्या.

— तुमची ताई