बायोस अपडेट केल्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतंय, विंडोज पुन्हा टाकावी लागेल का?

बहुधा नाही, फॉरमॅटची घाई करू नका. अपडेटमध्ये बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज अनेकदा मूळ पदावर जातात, डिस्कवरचा डेटा जागच्या जागी असतो. लॅपटॉप चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबा (कंपनीनुसार बटण बदलतं) आणि डिस्क दिसते का ते आधी बघा. दिसली तर बूट ऑर्डरमध्ये (लॅपटॉपने कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात) ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वात वर आणा. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली असेल तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू करावं लागेल.

तरीही अडलं तर माझा संशय साटा मोडवर, म्हणजे डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगवर. आधी एएचसीआय असलेला मोड आता रेड किंवा इंटेलचा व्हीएमडी झाला असेल, तर विंडोजला डिस्क सापडत नाही. तेव्हा सहसा निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं दिसतं. मोड पूर्ववत करा.

आणि हो, बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. फर्मवेअर (म्हणजे बायोस) बदललेलं टीपीएम या सुरक्षा चिपच्या नोंदीत दिसतं, म्हणून तो विचारतो. की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळेल. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा. पुढच्या अपडेटआधी बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा.