वाचकांचे प्रश्न: रास्पबेरी पाय ४ वर चालणारं रेडिस पाय ५ वर का अडतं?

प्रश्न: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) सोर्समधून बिल्ड केलं. तीच बायनरी (बिल्डमधून तयार झालेली प्रोग्राम फाइल) पाय ५ वर नेली, तर 'जेईमॅलॉक: अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ' असा मेसेज देऊन बंद पडते. दोन्हीकडे ६४-बिट रास्पबेरी पाय ओएसच आहे.

उत्तर: दोन्हींवर 'गेटकॉन्फ पेजसाइझ' चालवून बघा. पाय ४ वर ४०९६ येईल, पाय ५ वर १६३८४. पेज म्हणजे कर्नल (ओएसचा गाभा) ज्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत मेमरी वाटतो, त्यातला एक तुकडा. पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ केबीची पेजेस वापरतो. रेडिससोबत येणारा जेईमॅलॉक हा प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा मेमरी अ‍ॅलोकेटर बिल्ड होतानाच त्या मशीनचा पेज साइझ बघून तो पक्का करतो. पुढे कर्नलचं पेज त्याहून मोठं निघालं की सुरूच होत नाही. उलट मात्र चालतं. त्यामुळे सगळ्यात सोपं म्हणजे पाय ५ वर बिल्ड करून ती बायनरी पाय ४ वर नेणं.

पाय ४ वरच बिल्ड करायचं असेल, तर 'डेप्स' फोल्डरमधल्या मेकफाइलीत (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) जेईमॅलॉकच्या कॉन्फिगर ओळीला '--विथ-एलजी-पेज=१४' जोडा. दोनचा चौदावा घात म्हणजे १६३८४. ६४ केबी पेजच्या सर्व्हरवरही न्यायचं असल्यास १६ लिहा, मेमरी थोडी जास्त लागेल. मग 'मेक डिस्टक्लीन' आणि त्यानंतर 'मेक'. नुसतं 'मेक क्लीन' 'डेप्स'ला हात लावत नाही; जुना जेईमॅलॉकच पुन्हा लिंक होतो आणि एरर जशीच्या तशी राहते. बहुतेकांचा वेळ इथेच जातो.

'मॅलॉक=लिबसी' देऊन, म्हणजे जेईमॅलॉकऐवजी सी लायब्ररीचा अलोकेटर वापरूनही बिल्ड होतं, पण अ‍ॅक्टिव्ह डीफ्रॅग (रेडिस चालू असतानाच विखुरलेली मेमरी आवरणं) मिळत नाही. सतत कीज बदलणाऱ्या सर्व्हरसाठी आम्ही ते सुचवणार नाही. पाय ५ ला ४ केबीच्या कर्नलवर आणता येतं, पण एका प्रोग्रामसाठी अख्ख्या मशीनचा कर्नल कशाला बदलायचा?

प्रश्न: लॅपटॉपवर ३२-बिट मिप्स प्रोसेसरच्या राउटरसाठी रेडिस क्रॉस-कम्पाइल करताना (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करताना) लिंकर (बिल्डचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो, नावात 'अ‍ॅटॉमिक' आणि शेवटी ८ आहे.

उत्तर: तो ८ म्हणजे आठ बाइट. एवढा आकडा एका दमात बदलणारी सूचना ३२-बिट मिप्सकडे नाही, म्हणून जीसीसी हा कम्पाइलर ते काम लिबअ‍ॅटॉमिकवर सोपवतो. रेडिसची मेकफाइल ३२-बिट एआरएम प्रोसेसरसाठी ही लायब्ररी आपणहून जोडते, मिप्ससाठी नाही. शिवाय ती प्रोसेसर ओळखते 'यूनेम' या कमांडवरून, आणि क्रॉस-कम्पाइलमध्ये तिथे लॅपटॉपच्याच प्रोसेसरचं नाव येतं. तेव्हा लायब्ररींच्या यादीत अगदी शेवटी '-एलअ‍ॅटॉमिक' हाताने लिहा. आधी लिहिलंत तर स्टॅटिक लिंकिंगमध्ये (लायब्ररी बायनरीतच घालताना) उपयोग होत नाही, कारण लिंकर यादी डावीकडून उजवीकडे वाचतो. डायनॅमिक लिंक केलंत (लायब्ररी वेगळीच ठेवलीत) तर राउटरवरही लिबअ‍ॅटॉमिक टाकावी लागेल.