‘पाठलाग’ पुरत नाही, ‘माग’ म्हणा

नेरूळच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या भाचीला कॉलेजातला एक ओळखीचा मुलगा वर्षभर मेसेज पाठवतो आहे. ब्लॉक केलं की नवा नंबर, नाहीतर नवं खातं. ती ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला कामाला जाते, तर मध्येच तो ऐरोलीच्या फलाटावर उभा. तिने दोनदा लेखी सांगितलं, ‘मला तुझ्याशी बोलायचं नाही.’ आता तक्रार अर्ज मराठीत लिहायचा आहे आणि घरात शब्दावरून वाद. आई म्हणते ‘छेडछाड’ लिही, वडील म्हणतात ‘विनयभंग’ लिहिल्याशिवाय कोणी दखल घेणार नाही, भाऊ म्हणतो ‘स्टॉकिंग’च लिही. ताई विचारतात, याला नेमका मराठी शब्द कोणता, आणि ‘पाठलाग’ हा ऑनलाइन प्रकाराला चालेल का?

आधी जे शब्द मुळीच नकोत ते बाजूला काढू.

‘छेडछाड’ हिंदीतून आली. आपण सतारीची तार छेडतो, वहिनीची छेड काढतो. या शब्दात खोडी आहे, आणि खोडकराला दम देऊन सोडतात. वर्षभर चाललेल्या छळाला हा शब्द लावला की पुढचं सगळं तसंच घडतं: ‘अहो, पोरगा आहे, समज देतो.’

‘विनयभंग’ हे कायद्यात निराळं कलम आहे. भारतीय न्याय संहितेचं ७४. त्यात हल्ला किंवा बळाचा वापर लागतो आणि शिक्षा एक ते पाच वर्षं आहे. नुसत्या मेसेजने ते कलम लागत नाही. अश्लील बोलणं, हातवारे यांना ७९ आहे. पण वर्तमानपत्रांना सगळं एकाच मथळ्यात बसवायचं असतं. आणि पोलिसी मराठीतलं ते ठरीव वाक्य, ‘माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले’, हे तर वर्षानुवर्षं कार्बन कागदावरून उतरत आलेलं इंग्रजीचं भाषांतर. या मुलीच्या मनात लज्जा उत्पन्न झालेली नाही. तिला भीती वाटते आणि संताप येतो. तेच लिहावं.

पण माझा खरा राग आहे तो ‘एकतर्फी प्रेम’ या शब्दांवर. कुठे मुलीवर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी छापून येतं, ‘एकतर्फी प्रेमातून’. ‘तर्फ’ मुळात अरबी ‘तरफ’, म्हणजे बाजू. मराठेशाहीत तिचा महसुली विभाग झाला, आणि कोकणपट्टीत सातबाऱ्यावर गावाच्या नावाला ‘तर्फ’ चिकटलेली अजून दिसते. कोर्टात एकतर्फी निकाल कधी लागतो? दुसरी बाजू हजरच राहिली नाही तेव्हा. इथे दुसऱ्या बाजूने हजर राहून, स्वच्छ शब्दांत, दोनदा ‘नको’ म्हटलेलं आहे. तिचं म्हणणं नोंदलं गेलेलं आहे. मग हे एकतर्फी कसं? मुलीचा नकार जणू बोललाच गेला नव्हता, असा अर्थ हा शब्द नकळत पेरतो. छापणाऱ्यांनी तो उद्यापासून बंद करावा, एवढी माझी साधी मागणी आहे.

‘स्टॉकिंग’ देवनागरीत लिहिण्याला माझी हरकत आहे ती शुद्धीच्या सोवळ्यापोटी नाही. दुकानातला माल ‘स्टॉक’, बाजारातले शेअर ‘स्टॉक’, पायातले लांब मोजे ‘स्टॉकिंग’ आणि हाही ‘स्टॉकिंग’. इंग्रजीत स्पेलिंगवरून फरक कळतो, देवनागरीत तो पुसला जातो. बाकी तो इंग्रजी शब्द चांगला आहे. दबक्या पावलांनी सावजाजवळ जाणं हा त्याचा शिकारीतला जुना अर्थ. हे लक्षात ठेवा, कारण आपणही तिकडेच चाललो आहोत.

राहिला ‘पाठलाग’. कायद्याच्या हिंदी पाठात ‘पीछा करना’ आहे, त्याच चालीवर मराठीत ‘पाठलाग’ रुळला. शब्द अस्सल आहे. संस्कृत ‘पृष्ठ’ची प्राकृतातून झालेली ‘पाठ’, आणि ‘लग्’ धातूतून आलेला ‘लाग’. धड्याचा ‘पाठ’ वेगळा, तो ‘पठ्’मधला. पण पाठलागात पळणारा दिसतो, धावणारा दिसतो, मध्ये अंतर दिसतं. चोराचा पाठलाग होतो. क्रिकेटचे समालोचक ‘१८० धावांचा यशस्वी पाठलाग’ म्हणतात. यशाचा, स्वप्नांचा पाठलाग करा म्हणून भाषणं होतात. जो शब्द रोज कौतुकाने वापरला जातो तो गुन्ह्याला लावला की गुन्हा निम्मा हलका होतो. शिवाय फोनच्या पडद्यामागे बसून कोण केव्हा ऑनलाइन आहे हे पाहणारा माणूस कोणाच्याच पाठीशी धावत नसतो.

मराठीत याला शब्द आहे. ‘माग’. कोणाच्या मागावर असणं, माग काढणं, माग ठेवणं. मागोवा, मागमूस ही त्याचीच गोतावळ. (भिवंडीचे वाचक आता म्हणतील की माग म्हणजे कापडाचा. तो यंत्रमागातला माग वेगळा, त्याची गल्लत इथे नको.)

हा माग संस्कृत ‘मार्ग’पासून आला. मार्ग, मग्ग, माग. आणि ‘मार्ग’ कशापासून? ‘मृग’पासून! मृगाचा तो मार्ग. जनावर ज्या वाटेने गेलं ती पायांच्या ठशांची ओळ, हा त्याचा मूळ अर्थ. रस्ता हा नंतरचा. मृग म्हणजे तेव्हा नुसतं हरीण नव्हे. ऋग्वेदात ‘मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः’ म्हटलं आहे, तिथे डोंगरात फिरणारं भयंकर श्वापद आहे. मल्याळममध्ये मृगम् म्हणजे अजूनही कुठलाही पशू. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, ‘मेरेग’ म्हणजे पक्षी, त्याचाच पुढे फारसी ‘मुर्ग’. शिकार म्हणजे मृगया, आणि ‘मृग्’ धातूचा अर्थ शोधणं.

संस्कृत टीकाकार इथे दुसरा धातू आणतात. ‘मृज्’, म्हणजे झाडणं, पुसणं. पायांनी झाडला जातो तो मार्ग. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे निरुक्तकार यास्काचार्य तर मृग शब्दच ‘मृज्’वरून लावतात आणि धातूला ‘जाणं’ हा अर्थ देतात. यास्कांविषयी मला नितांत आदर आहे, पण हे मला पटत नाही. धातू बदलायचा आणि वर त्याचा अर्थही बदलायचा, मग उरलं काय? मृगापासून मार्ग सरळ, नियमाने सिद्ध होतो आणि अर्थ चपखल बसतो. आधुनिक कोशकारही बहुतेक इकडेच झुकतात. झाडलोट कशाला मध्ये आणायची?

आता खरी मौज. याच मार्गातून ‘मागे’ आलं. ठशांवरून जाणारा नेहमी मागेच असतो. आणि ‘मागणे’ही यातूनच आलं. संस्कृतात मार्गण म्हणजे शोधणं, प्राकृतात ‘मग्गइ’, शोधता शोधता विनवणं, मग मराठी मागणं. संस्कृतात ‘मार्गण’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, याचक आणि बाण. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तो दोन्ही यादींत आहे. हात पसरणारा आणि छातीत घुसणारा, दोघांना एकच नाव! जुन्या कवींनी यावर श्लेष केले. मला मात्र हा शब्द वाचला की नव्या नंबरवरून येणारे मेसेज आठवतात. आज विनवणी, उद्या धमकी.

म्हणजे मागे लागणं, मागणी घालणं आणि माग काढणं या तिन्ही एका घरच्या. आता कायदा काढून पाहा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ (१ जुलै २०२४ पासून लागू, त्याआधी भारतीय दंडविधानाचं ३५४ ड, जे दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली आलं) काय म्हणतं? जो पुरुष एखाद्या स्त्रीच्या मागे जातो, आणि तिने नापसंती स्पष्ट दाखवूनही जवळीक वाढवण्यासाठी पुन्हा पुन्हा संपर्क साधतो किंवा साधू पाहतो. किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल वा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवतो. मागे, मागणी, माग. तिन्ही कृत्यं, तीन मराठी शब्द, एक मूळ! संहिता लिहिणाऱ्यांच्या मनात हे नसणार, पण आपल्या भाषेने ही साखळी आधीच ओवून ठेवली होती. मराठी पाठात या गुन्ह्याला ‘मागावर राहणे’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. कोणी ‘अनुसरण’ सुचवतात. अनुसरण गुरूचं करतात, कृपा करून इथे नको.

ही कथा केवढी जुनी आहे पाहा. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात प्रजापती आपल्याच मुलीच्या मागे लागतो. ती हरिणी होते, हा हरीण होऊन मागे जातो. देव पाहतात आणि म्हणतात, हा ‘अकृत’ करतो आहे, करू नये ते करतो आहे. मग सगळे आपापली उग्र रूपं एकत्र करून एक देव उभा करतात आणि तो बाण सोडतो. मागे लागलेला झाला मृग नक्षत्र, मारणारा झाला व्याध, ती रोहिणी आणि तीन ठिपक्यांचा तो बाण. हिवाळ्यात संध्याकाळी पाम बीच रोडवरूनही हे चौघे दिसतात. देवांनी त्याला एकतर्फी प्रेम म्हटलं नाही, एवढं ध्यानात घ्या.

ताईंच्या अर्जाकडे येतो.

शेजारपाजारचे ‘६६ अ लावा’ म्हणतील. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्यामागे आपल्याच भागातली गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. एकीने तो फक्त लाइक केला होता. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ असे सैल शब्द कलमात होते, त्यांत काहीही बसवता येई, म्हणून कलम गेलं. शब्द सैल असले की निरपराध अडकतात आणि अपराधी सुटतात. माझा शब्दांचा आग्रह याचसाठी आहे. खोटं खातं उघडून दुसऱ्याच्या नावाने फसवलं असेल तर ६६ ड, खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढले किंवा पसरवले तर ६६ इ, ही कलमं मात्र जागेवर आहेत. निनावी धमकीला संहितेचं ३५१ आहे.

अर्जात शब्दासाठी अडू नका. घडलं ते लिहा: ‘मी अमुक तारखेला त्यास मेसेजद्वारे स्पष्ट कळवले की मला संपर्क नको. त्यानंतरही त्याने अमुक अमुक नंबरवरून संपर्क साधला आणि अमुक दिवशी ऐरोली स्थानकात माझ्या मागे आला.’ नकाराची तारीख वरच्या ओळीत हवी, कारण कलमाचा पहिला भाग तिच्यावरच उभा आहे. मग खाली ‘तो सतत माझ्या मागावर आहे’ असं खुशाल लिहा आणि कलम ७८ लिहा. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे तो सुटून आला म्हणून तक्रार वाया गेली असं समजू नका. ती नोंद दुसऱ्या वेळी उपयोगी पडते. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोनही जपा, पुराव्याला तो लागतो.

आणि हद्द. नेरूळ नवी मुंबई आयुक्तालयात, नोकरी ठाणे आयुक्तालयात, फलाट लोहमार्ग पोलिसांचा. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य कानी पडेलच. पूर्वी गावचा रखवालदार चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचा आणि तिथून तो पुढच्या गावाच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. माग शिवेवर सोडून घरी यायची मुभा नव्हती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, आणि ७८ तसाच आहे, खबर कुठल्याही ठाण्याला घ्यावीच लागते, हद्द कोणाचीही असो. नंतर ते कागद योग्य ठाण्याकडे पाठवतात. (‘ठाणे’ म्हणजे ‘स्थानक’. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत आपलं शहर ‘श्रीस्थानक’ आहे. म्हणून ठाणे स्थानकातलं पोलीस ठाणे म्हणताना आपण एकच शब्द तीनदा उच्चारतो.) ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.